तोरणाखालची मोटार

मोटार बैलाच्या चालीनं चालवायची आहे, हे हिंमतराव पाटलांच्या तोंडून ऐकलं त्याच दिवशी रहेमतुल्ला मिस्त्रीनं पाने-पकडी पिशवीत भरून नांदुऱ्याची वाट धरायला पाहिजे होती. नाही धरली. उलट छाती फुगवून म्हणाला, "चालते ना पाटील, काऊन नाही चालनार!" आणि तिथंच फसला. पुढं महिनाभर त्याच्या डोक्याला जो ताप झाला, तो त्यानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतला होता, आणि हेच त्याला जास्त झोंबत होतं.

मोटार हिंमतरावांची, वडनेरची. लढाई संपली होती तरी पेट्रोल अजून कूपनावरच मिळायचं, आणि कूपनासाठी तहसिलीत हेलपाटे घालून पाटलांचे जोडे झिजले. मोटार गोठ्यात उभी राहून कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. तेव्हा रहेमतुल्लानं लष्कराच्या लिलावातून एक डिझेल इंजिन उचलून आणलं आणि कापून, ठोकून, जोडून ते त्या मोटारीत बसवलं. वरून साहेबाची गाडी, आतून ट्रकचं काळीज. सुरू झाली की अख्ख्या गल्लीतली भांडी वाजायची. लोक तिला 'मिस्त्रीची गिरणी' म्हणायचे आणि मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अरे, जिनिंगची इंजिनं दुरुस्त करणारे छप्पन्न आहेत. पण मोटारीचं पोट फाडून तिच्यात दुसरं काळीज बसवणारा नांदुऱ्यात दुसरा दाखवा म्हणावं!

आता ही बैलाच्या चालीची भानगड. वडनेरच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जोडी जायची ती हिंमतरावांच्या घरची. हा मान त्यांच्या आज्याच्या आधीपासूनचा. शेती बटईनं दिलेली, घरी मानाची तेवढी एक जोडी होती. उन्हाळ्यात त्यातला एक बैल रोगानं गेला. दुसऱ्यानं चाऱ्याला तोंड लावणं सोडलं आणि पंधरवड्यात तोही गेला. नवी जोडी घ्यावी की नाही माणसानं? पण पाटलांच्या डोक्यात वेगळंच शिरलं. "जमाना बदलला. यंदा तोरनाखालून मोटार जाईन."

पंजाबराव हा गावातला दुसऱ्या मानाचा माणूस. त्याची जोडी कायम हिंमतरावांच्या मागं. त्यानं चावडीवर आकांत केला. शेवटी चार लोकांनी बसून ठरवलं: मोटार जाऊ द्या, पण बैलांच्या रांगेत, बैलांच्या चालीनं, आणि वेशीच्या आत कुठंही थांबली तर मान पंजाबरावांच्या जोडीचा, कायमचा. हिंमतरावांनी मान डोलावली आणि सगळ्यांच्या देखत मिस्त्रीकडं वळून म्हणाले, "बंद पडली ना मिस्त्री, तर दुसऱ्याच दिवशी इंजिन काढून मळ्यातल्या विहिरीवर बसवतो. अन् डब्बा भंगारात."

विहिरीवर! विहिरीवर इंजिन कोणीही बसवतं. त्याचं इंजिन मोटारीत होतं म्हणून तो रहेमतुल्ला मिस्त्री होता. ते विहिरीवर गेलं की नांदुऱ्याच्या बाजारात लोक विचारणार, काय मिस्त्री, गिरणी कुठं गेली?

बरं, त्रास कुठं होता ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ह्या इंजिनचं तेल तापायचं. म्हणून लष्करवाल्यांनी इंजिनाबरोबर तेलाची वेगळी जाळी दिली होती. रेडिएटरसारखीच, पण लहान. तिच्या बारीक नळ्यांमधून तेल फिरतं, नळ्यांवर पातळ पात्या असतात, पात्यांमधून वारा गेला की तेल थंड होतं. नांदुऱ्याच्या सडकेवर मोटार पळत असली की वारा भरपूर आणि तेल निवांत. पण बैल काय पळतो? बैल पोळ्याच्या दिवशी नवरदेवासारखा चालतो, मध्येच थांबून इकडंतिकडं पाहतो. त्या चालीनं मोटार चालवली की वारा शून्य आणि तेलाचा काटा भराभर वर. तेल पातळ झालं की आतली बेअरिंगं गेली, आणि बेअरिंगं गेली की विहिरीवर बसवायलाही इंजिन उरणार नाही.

मग काय, जाळी इकडं हलव, तिकडं हलव. आधी ती बंपरखाली आडवी होती, तिथून काढली. उभी केली. उभी केली तर नळी पुरेना. नळी वाढवली तर ती पंख्याला घासायला लागली. जाळी रेडिएटरला चिकटवली तर दोघांचं मिळून तापायला लागलं, लांब केली तर पंखा तिच्यातून वारा ओढेना. रोज सकाळी सायकल मारत वडनेरला यायचं, दिवसभर मोटारीखाली उताणं पडायचं आणि संध्याकाळी तोंडावर तेल घेऊन परत जायचं. घरी खैरुन्निसा म्हणायची, "त्या मोटारीशीच निकाह लावा." तिला काय जातं बोलायला!

आणि ह्या सगळ्यात कडूबा.

कडूबा हा हिंमतरावांकडं बैलं सांभाळणारा. जन्म त्याच घरी गेला. बैलं गेली तशी त्याला मोटार पुसायचं काम दिलं होतं, आणि तो ती इतकी पुसायचा की रंग निघायला आला होता. दिवसभर मिस्त्रीच्या डोक्याशी उकिडवा बसून एकामागून एक प्रश्न.

"मिस्त्रीभाऊ, हे काय होय?"

"जाळी."

"हिचं काम काय?"

"कडूबा, तीनदा सांगलं तुले. सगळा ताप हिच्यावर येते. ही दमली का गाडी बसली."

"म्हंजे जू इथंच बसते म्हना."

"हाव बाबा, इथंच बसते! आता तो पाना दे अन् चूप बस."

कडूबानं पाना दिला. भलताच दिला, पण दिला. मग जाळीवर हात फिरवून हळूच म्हणाला, "लय राबून राह्यली बिचारी." रहेमतुल्लानं मोटारीखाली डोळे मिटून घेतले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर हाकलता तरी आला असता.

शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी जमलं. जाळी रेडिएटरच्या पुढं, मध्ये दोन बोटांची फट, दोन्ही बाजूंना पत्र्याचे कान वाकवून लावले, म्हणजे पंख्यानं ओढलेला सगळा वारा जाळीतूनच यावा. एका बैलगाडीच्या मागं मोटार लावून त्यानं गावाला दोन फेऱ्या मारल्या. बैलगाडीवाला मुद्दाम रेंगाळला. काटा हलला नाही! रहेमतुल्लानं काट्यावर टिचकी मारून पाहिली, अडकला तर नाही ना. नाही. तेल थंड होतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं कडूबाला विडी दिली.

जाताना मात्र बजावलं. "कडूबा, आता गाडीले हात लावाचा नाही. धुवाची नाही. पुसाची बी नाही."

"हाव."

"काय हाव? काय सांगलं मी?"

"धुवाची नाही, पुसाची नाही."

बरोबर सांगितलं त्यानं. शब्दन् शब्द बरोबर.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वच्छ पायजमा घालून आला तर मोटारीची अवस्था पाहून किंचाळलाच. बॉनेटवर झूल, दिव्यांना गोंडे, आणि पुढच्या चकचकीत पट्ट्यांवर झेंडूच्या माळा खालपर्यंत. "काढा! सगळं काढा! वारा कुठून घेईन ती?" हिंमतराव नवा फेटा बांधून उभे होते, त्यांचं तोंड उतरलं. त्यांची आई गोजरबाई दारातून ओरडली, "सनासुदीले उघडी नेता का तिले?" शेवटी झूल टपावर गेली, गोंडे मागच्या दारांना गेले आणि पुढचा भाग मोकळा झाला. मिस्त्रीनं खाली वाकून बंपरच्या खालून हात घालून पाहिलं, नळ्या घट्ट, एक थेंब गळत नव्हता. समोरच्या चकचकीत पट्ट्यांच्या आड जाळी होती तशीच होती. निदान त्याला तसं वाटलं. गावात घरोघरी पुरण शिजत होतं, तुपाचा घमघमाट सुटला होता, आणि त्या वासात दुसरा कोणताही वास कोणाला यायचं कारण नव्हतं.

"तुमचं काम, तुम्हीच चालवा," हिंमतराव म्हणाले आणि शेजारी ऐटीत बसले.

रांग लागली. सगळ्यात पुढं मोटार, मागं पंजाबरावांची पांढरी जोडी, शिंगांना बेगड लावलेली, तिच्यामागं साऱ्या गावाची बैलं. ढोल वाजायला लागला. मोटार निघाली. बैलाची चाल, हुबेहूब. पोरं बाजूनं पळत होती, बायका माळवदांवरून पाहत होत्या, आणि रहेमतुल्लाला वाटलं की खैरुन्निसाला आज आणायला पाहिजे होतं.

मारुतीच्या पारापाशी आले तेव्हा काटा हलला.

त्यानं दुर्लक्ष केलं. ऊन आहे, थोडा हलणारच. चौकात काटा निम्म्यावर आला. मिस्त्रीच्या कपाळावर घाम फुटला. काल दोन फेऱ्या मारल्या, ढिम्म हलला नव्हता हा मेला! आणि वास. लोणी कढवल्याचा वास. घरं मागं पडली, दोन्ही बाजूंना नुसत्या काट्यांची कुंपणं होती, तरी वास सोडेना. उलट वाढतच गेला. हिंमतराव नाक वर करून म्हणाले, "मिस्त्री, कोन तूप कढवून राह्यलं बे इथं?"

पुढून पिवळा धूर निघाला.

तोरण समोर दिसत होतं. वेशीला बांधलेली आंब्याच्या पानांची दोरी, तिच्याखाली ओवाळणीचं ताट घेऊन उभा असलेला पुजारी. हाकेच्या अंतरावर. पण काटा शेवटाला टेकला होता, आणि इंजिनच्या पोटातून तो कोरडा खडखडाट यायला लागला, जो ऐकला की मिस्त्री माणसाचं काळीज फाटतं. अजून थोडं रेटलं असतं तर कदाचित पोचलं असतं, आणि कायमचं मेलं असतं. त्याचा हात आपोआप गेला. त्यानंच इंजिन बंद केलं.

ढोल थांबला. "थांबली! थांबली!" मागून पंजाबराव नाचायला लागला.

रहेमतुल्लानं उडी मारून बॉनेट उघडलं, पुढची पट्टी उचकटली आणि आत पाहिलं. जाळी नव्हतीच तिथं. म्हणजे होती, पण दिसत नव्हती. पात्यापात्यांमध्ये बोटानं चोपून चोपून हळद भरली होती. लोणी वितळून खाली टपकत होतं आणि मागं राहिलेला पिवळा गिलावा भाजून भाकरीसारखा कडक झाला होता. वर पळसाचं एक पान चिकटलेलं.

"कडूबा!"

कडूबा गर्दीतून पुढं आला. धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का.

"हे काय केलं बे तू? काय केलं हे?"

"काय केलं?" कडूबा खरोखर गोंधळला. "खांदमळन केली. पोळ्याच्या आदल्या सांजचीच नाही का मळत बैलाचा खांदा? तुमी म्हनलं होतं, जू इथंच बसते."

"अन् मी म्हनलं होतं हात लावू नको!"

"धुवाची नाही, पुसाची नाही म्हनलं. मी धुतली नाही. लोनी-हळद लावली, पळसाच्या पानानं चोळली. गळून जाऊ नये म्हनून मूठभर बेसन घातलं."

"बेसन!" रहेमतुल्लानं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला, बेसन!"

तो गर्दीकडं वळला. आता मात्र सगळ्या गावानं ऐकायला पाहिजे होतं की दोष त्याच्या इंजिनाचा नाही. तो घसा फोडून ओरडला, "पाहा हो! हे पाहा! ह्या मानसानं माह्या जाळीत बेसन भरलं! महिनाभर जीव काढला मी, अन् ह्यानं एका रात्रीत तिचा गळा दाबला! सांगा आता, चूक कोनाची?"

लोकांनी वाकून जाळी पाहिली. दोनचार म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी माना हलवल्या. मग एकजण म्हणाला, "पन मिस्त्री, खांदमळन तर कराच लागते."

"हाव, न मळता कशी नेनार?" दुसरा म्हणाला.

"आवतन देल्लं होतं का बे कडूबा?"

"देल्लं ना. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दोनदा म्हनलो तिच्या कानात."

"मंग बरोबर केलं त्यानं," गोजरबाई काठी टेकत पुढं आली. "लोनी मीच देल्लं त्याले. काय चुकलं?"

कोणाला सांगायचं? कोणत्या भाषेत सांगायचं? सगळं गाव एकीकडं आणि मिस्त्री एकटा बेसनाजवळ. त्याला रडू येतंय की हसू, हेच त्याला कळेना. त्यानं कडूबाचं मनगट धरून विचारलं, "अरे पन काऊन? मोटार होय ती! लोखंड! तिले खांदा असते का?"

कडूबा खाली पाहत म्हणाला, "काल सांजची वेळ झाली, हात शिवशिवले. गोठ्यात गेलो, दोन्ही खुंटे रिकामे. जलमभर ह्या दिवशी खांदे मळले, मिस्त्रीभाऊ. मंग कोनाचे मळू? हीच एकटी उभी होती."

त्यानं मनगट सोडलं.

पंजाबरावाला कशाचं काय! "थांबली ते थांबली! माही जोडी पुढं घ्या!"

"थांब रे," गोजरबाईनं काठी आडवी धरली. "मान चाकाचा नाही, खांद्याचा आहे. ज्यानं खांदा देल्ला त्याचा मान. मोटार ढकलून नेऊ."

"ढकलाले बाहेरचे मानसं लावता का आता? मानाची जोडी घरचीच पाहिजे!"

"घरचीच आहे." म्हातारीनं काठीनं दाखवलं. "हा एक माह्या गोठ्यात म्हातारा झाला. अन् हा दुसरा महिनाभर माह्या ओसरीवर जेवला. लावा रे खांदे!"

गाव खो-खो हसलं. पंचातले म्हातारेही हसले आणि हसताहसता त्यांनी होकार दिला. रहेमतुल्लाच्या कानशिलाच्या शिरा तट्ट फुगल्या. म्हणजे बैल? इंजिन मी बसवलं, जाळी मी बसवली, आणि शेवटी बैलही मीच? पण हिंमतराव आतून त्याच्याकडं पाहत होते. फेटा एका कानावर आला होता, मिस्त्रीच्या जागी सरकून चाक दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं, आणि एवढा मोठा माणूस पोरासारखा घाबरलेला दिसत होता.

मिस्त्रीनं शिव्या देत मागच्या बाजूला खांदा लावला. दुसरीकडं कडूबानं लावला. सडकेला किंचित चढ होता आणि तो चढ त्या दिवशी त्याला दिसला. ट्रकचं काळीज काय जड असतं ते त्याच्या डाव्या खांद्याला कळलं. "हां! हां! चाल माह्या राजा!" कडूबा नेहमीच्या सवयीनं ओरडत होता, मोटारीला की मिस्त्रीला देव जाणे. पायजमा गुडघ्यावर फाटला. पण मोटार सरकली, बैलाच्या चालीनं सरकली, थांबली नाही, आणि तोरणाची पानं टपावरच्या झुलीला घासून मागं गेली. ढोल पुन्हा सुरू झाला. पुजाऱ्यानं मोटारीला ओवाळलं, थोडा घुटमळला आणि मग त्या दोघांनाही ओवाळलं.

मान राहिला. पंजाबराव नाक मुरडत मागून आला.

पण चावडीवरचे शब्द बोलून गेले होते. गर्दी पांगली तेव्हा हिंमतराव मिस्त्रीजवळ आले. "मिस्त्री, इंजिनाची चूक नाही, समजते मले. पन चार लोकांत बोललो मी. पुढच्या आठवड्यात काढा अन् विहिरीवर बसवा." ते थांबले. "माय म्हनते गोठा रिकामा बरा नाही दिसत. नवी जोडी घेतो."

"तुमची मर्जी, पाटील," रहेमतुल्ला म्हणाला. दुसरं काय म्हणणार? विहिरीवर तर पाणीच पाणी, तेल जन्मात तापायचं नाही. ते इंजिन पन्नास वर्षं चालेल आणि कोणी ढुंकून पाहणार नाही. ते त्याच्या मनाला इतकं लागलं की तो वेशीबाहेरच्या दगडावर जाऊन बसला आणि कोणी जेवायला बोलावलं तरी उठला नाही.

कडूबा आला. हातात एक वाटी.

"तुले तर बैलं भेटले," मिस्त्री तिकडं न पाहता म्हणाला.

"मी मागले नव्हते."

"माहीत आहे बे."

"तुमचं इंजिन जाईन असं मले..."

"माहीत आहे म्हनलं ना! डोक्स नको खाऊ."

कडूबा शेजारी बसला आणि वाटीतलं काल उरलेलं हळद-लोणी बोटांवर घेतलं. रहेमतुल्लानं वास ओळखला आणि दचकून मागं सरकला. "आता काय? आता कोनाले मळतो?"

"ज्यानं ओढलं त्याले," कडूबा म्हणाला. "दुसरं कोनाले?" आणि त्यानं मिस्त्रीच्या सदऱ्याची गळपट्टी बाजूला करून खांद्यावर हात ठेवला. राठ, गरम हात. जोखडाचे वळ शोधणारा हात अलगद, गोल गोल फिरायला लागला, आणि महिनाभर दातओठ खाऊन धरलेलं सगळं रहेमतुल्लाच्या डोळ्यांत आलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली, रागही आला. तो तोंड फिरवून नाक ओढत खेकसला,

"इकडं नाही बे. डाव्या खांद्याले लाव. दुखते तो डावा."